फुळकवणी, खाली डबे आणि मागची विहीर

रविवार, बारा जानेवारी, सकाळ. जागा: पिंगळीच्या अलीकडचा फाटा, अप्पांच्या हॉटेलाचं पत्र्याचं शेड.

हजर: मी. धाकटा भाऊ बसू. सटवाजी काका, पूर्वी रेल्वेत गँगमन, आता काठीशिवाय उभं राहता येत नाही. त्यांना हाताला धरून आणणारी त्यांची सून रमा. रस्त्याच्या कामाचा मुकादम, हा पाहुणाच, पण हजर होता म्हणून लिहिला.

गैरहजर: आई, बसूच्या घरी, गुडघ्यांचं कारण सांगते. अप्पा, म्हणजे आमचे वडील, चार पावसाळ्यांपूर्वी गेले. आणि मंगल.

हजेरी घेतल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही. नोकरीत भांडार सांभाळते, सवय लागली आहे. रस्ता रुंद होणार म्हणून शेड पाडायचं होतं, त्याआधी आतलं सामान काढायचं होतं. कामं नेमकी होती: फळी उतरवणे, रांजण उकरणे, पत्रे मोजून देणे, मागच्या विहिरीचा निकाल लावणे. दुपारपर्यंत आटोपेल असा माझा अंदाज होता.

शेडात पाय ठेवला आणि अंदाज चुकला. हॉटेल बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तो वास तिथेच होता. ओल्या गाळणीच्या फडक्याचा वास, आत मुरलेला, तुरट, जरासा आंबूस. त्यात रॉकेलच्या स्टोव्हचा, त्यात जळालेल्या दुधाचा. बाहेरून पूर्वी इंजिनाच्या कोळशाचा धूर यायचा, तेवढा फक्त नव्हता. मीटरगेजची ती कोळशाची गाडी गेली, तिच्याबरोबर तो वासही गेला. फळीवर हात फिरवला. कपांच्या बुडांचे गोल डाग एकमेकांवर चढलेले होते. एकाच फळीवर सगळे. हे मुद्दाम सांगते, कारण गावातल्या दुसऱ्या हॉटेलात सटवाजी काकांची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात असायची. काकांची वस्ती रुळाच्या पलीकडली, छप्पन सालानंतर बुद्धाच्या वाटेनं गेलेल्या माणसांची. काका म्हणायचे, "तिथला च्या गोड हाय, न्हाई म्हनत न्हाई. पर कोनाड्यातला घोट गिळत न्हाई."

म्हणून ते इथे यायचे, आणि इथला चहा गोड नसायचा. त्यावरूनच सगळं सुरू झालं.

अप्पांच्या हॉटेलात एक रीत होती. गिऱ्हाईक बाकड्यावर बसलं की आधी रांजणातलं पाणी, फुलपात्रात. ते गुमान प्यायचं. मग चहा. पहिला घोट घेतला की चहाला काहीतरी म्हणायचं. वाईटच म्हणायचं. दुधाचा हात आखडलेला असेल तर "फुळकवणी". गुळाचा असेल तर "गुळवणी". कोमट असेल तर "आंघोळीचा". कपाच्या तळाशीच असेल तर "तीर्थ". पुन्हा उकळलेल्या पुडीचा असेल तर "इंजिनाचं पानी". आणि अगदीच काही धड नसेल तर "धुवण". अप्पा खांद्यावर फडकं टाकून परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे उभे असायचे.

"काय सटवाजी, आज कसा हाय?"

काका एक डोळा मिटायचे, मान तिरपी करायचे, घोट गालात फिरवायचे. "अप्पा, आज म्हशीनं लांबूनच रामराम केलाय जनू."

"आन् कालचा?"

"कालचा धुवण हुता."

"धुवण म्हशीला लागतंय. तुमाला दिलं तर ती काय पिईल?"

सगळं हॉटेल हसायचं, अप्पा सगळ्यात जास्त. जितकी शिवी जबर तितका चहा जमला, असं ते धरून चालायचे. एकदा परभणीच्या बाजारातून परतणारा एक नवखा माणूस म्हणाला, "चहा चांगला झालाय हं." अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी जवळ जाऊन हळूच विचारलं, "घरी सगळं बरं हाय ना पाव्हणं?"

चहासारखंच बोलण्याचंही होतं. काका रुळावरचे, त्यामुळे त्यांचे शब्दही रुळावरून यायचे. लांबलचक, खडखडाट फार आणि आत काही नाही, अशा बोलण्याला "खाली डबे". नुसतं आश्वासन असेल तर "शिट्टी". शिट्टी ऐकू येते, गाडी येत नाही. मुद्द्याच्या अलीकडे येऊन थांबणारा माणूस "औटरला उभा". रुळापलीकडे हातभट्टीची मिळायची, तिला काका "सांधा" म्हणायचे. घराकडे निघालेला माणूस ती प्यायला की भलत्याच रुळावर जातो. काका स्वतः तिच्या वाटेला जात नसत. "आपली लाइन शिदी हाय," म्हणायचे.

पाण्याला मात्र कुणी काही म्हणत नसे. ही रीत कुणी शिकवली नव्हती, पण मोडलीही नव्हती. चहाला शिव्या, बोलण्याला शिव्या, दारूला शिव्या, पाण्यापुढे मुकाट. अप्पा फुलपात्र पुढे ठेवताना उजव्या हाताच्या कोपराला डावा हात लावायचे, देवळात देतात तसा. ते पाणी मागच्या आमच्या विहिरीचं. अप्पांनी ती स्वतः खणून घेतली होती. कुणी पाण्याचे पैसे पुढे केले तर रागवायचे. "च्या इकतो मी. पानी न्हाई इकत."

मंगल माझ्यापेक्षा लहान, बसूपेक्षा मोठी. शाळेत नाव घालायचं होतं. ती चहाच्या रिकाम्या पेटीवर पाय हलवत बसायची. तिला चहा मिळत नसे. चहानं पोरी काळ्या पडतात म्हणून आई देत नसे. मलाही नव्हता, पण मी मोठी होते, कप विसळताना तळातलं चाटायचे. मंगलला तेवढंही जमत नसे. म्हणून तिने चहाऐवजी नकला उचलल्या. एक डोळा मिटायचा, मान तिरपी, गाल फुगवायचे. रिकाम्या कपातून घोट घेऊन जाहीर करायची, "फुकवनी!" ळ तिला येत नव्हता. काका तिला "छोट्या गार्डसाहेब" म्हणायचे. "गार्डसाहेबानी हिरवा झेंडा दाखवल्याबिगर मी कप उचलत नसतो," म्हणायचे, आणि खरंच थांबायचे. मंगल अप्पांचं फडकं हलवायची, मग काका प्यायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं.

त्या वर्षाचे महिने मला चहावरून आठवतात. आधी दूध गेलं. मग साखर गेली, गूळ आला, गूळही गेला. मग पुडी दोनदा, तीनदा उकळली जाऊ लागली. फाट्यापासून पेडगावच्या बाजूला दुष्काळी काम निघालं होतं, खडी फोडायचं. दिवसभर हातोड्यांचा टणटण आवाज यायचा, आणि तिन्हीसांजेला धुळीनं पांढरी झालेली बाया-माणसं ओळीनं हॉटेलाकडे यायची. पापण्यासुद्धा पांढऱ्या. त्यांच्यातले बरेच चहा घेत नसत. पाणी पिऊन जायचे. अप्पा सगळ्यांना द्यायचे.

काकांचा विनोदही बारीक होत गेला, पण थांबला नाही. "अप्पा, आज पुडीनं बी रामराम केला का?" हसू यायचं. कोरड्या घशातून येतं तसं, खरखरीत.

विहीर तळाला गेली होती. अप्पा दोर लावून आत उतरायचे, वाटीनं पाणी घागरीत भरायचे. वर येणारं पाणी गढूळ असे. ते फडक्यातून गाळून रांजणात. रांजणाजवळ आता चिखलासारखा, शेवाळासारखा वास यायचा. सगळ्यांना यायचा. मला यायचा. कुणी काही म्हणत नव्हतं. पाणी मिळत होतं, त्याला काय म्हणायचं?

त्याच सुमारास साथीच्या कामावरचा एक माणूस सायकलवर आला. बारीक, घामेजलेला, कॅरिअरला पत्र्याचा डबा बांधलेला. बाकड्यासमोर उभा राहून पाठ केल्यासारखं बोलू लागला. जलजन्य विकारांचा प्रादुर्भाव, निर्जंतुकीकरण, सार्वजनिक उद्भव, नागरिकांनी सहकार्य करावे. बराच वेळ बोलला. अप्पांनी त्याला मध्येच पाणी दिलं, त्याने फुलपात्र हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

"म्हंजी काय करायचं म्हनता, साहेब?"

"पाणी उकळून प्यावे. आणि ही पावडर विहिरीत टाकावी."

"च्याचं पानी उकळतंच की," अप्पा म्हणाले. बाकडं हसलं.

डबा देऊन तो गेला. सायकल दिसेनाशी व्हायच्या आधी काका म्हणाले, "खाली डबे. मोजून घ्या, गार्डाचा डबा बी रिकामाच." आता सगळे मोकळेपणानं हसले. त्या वर्षात असं हसायला क्वचितच मिळालं होतं, म्हणून ते हसणं अजून कानात आहे.

डबा अप्पांनी फळीवर ठेवला. झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हे पान्यात घालायचं? लोक काय म्हनतील, अप्पाच्या पान्याला वास मारायलाय?" डबा तसाच राहिला, कपांच्या शेजारी.

नंतर एका दुपारी मंगल पेटीवर बसून पाणी मागत होती. अप्पांनी रांजणातलं फुलपात्र भरून दिलं. काका बाकड्यावर होते, मी कप विसळत होते. तिने घोट घेतला. एक डोळा मिटला. मान तिरपी केली. गाल फुगवले, घोट फिरवला, आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली,

"बेडकाचं सरबत!"

काकांना हसू फुटणार होतं. फुटलं नाही. अप्पांनी कधी नव्हे ती तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मंगल. पानी हाय ते. पान्याला असं म्हनत न्हाईत."

"वास यायलाय अप्पा."

"देवाच्या हातचं हाय. माफी माग. पी."

मंगलनं फुलपात्र कपाळाला लावलं, आई पोथीला लावते तसं. आणि पिऊन टाकलं, सगळं, तळापर्यंत. मग फुलपात्र उलटं करून दाखवलं. अप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढचं मी क्रमाने सांगू शकत नाही. एरवी मला क्रमाशिवाय काही सांगता येत नाही. चुन्याचा वास आठवतो, अंगणात टाकलेल्या राखेचा, कडुनिंबाच्या धुराचा. खडीच्या कामावरून हातोड्यांचा आवाज येईनासा झाला, ते आठवतं. रुळापलीकडून रडणं ऐकू आलं, मग कामगारांच्या पालांतून, मग आमच्या घरातून. परभणीच्या दवाखान्याकडे निघालेली बैलगाडी आठवते. तिच्या चाकाला वंगण नव्हतं. मंगल आईच्या मांडीवर, डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. वाटभर ती पाणी मागत होती, आणि आई वाटभर तिला पाजत होती. लोटा सोबत घेतला होता. आमच्याच रांजणातला, काठोकाठ भरून.

परतताना गाडी हळू आली. चाक तेव्हाही तसंच वाजत होतं.

चहा पिणारे सगळे वाचले असं म्हणत नाही, ते खरं नाही. पण ज्याला रोज शिव्या खाव्या लागत होत्या त्या चहानं कुणाचं काही बिघडवलं नाही. हे मला फार उशिरा, नोकरीला लागल्यावर, कपाळावर हात मारावा तसं एकदम कळलं. अप्पांना ते त्याच आठवड्यात कळलं असावं. कारण हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा रांजण कोरडा होता. अप्पांनी स्टोव्हवर मोठं पातेलं चढवलं, त्यात पाणी खळखळ उकळलं, झाकून निववलं, आणि तेच फुलपात्रात दिलं. पांढऱ्या पावडरचा डबाही फळीवर नव्हता. विहिरीच्या कठड्यावर रिकामा पडला होता.

काका कामावरून आले, बाकड्यावर बसले. अप्पांनी पाणी ठेवलं. मग चहा ठेवला. कप उचलायच्या आधी काकांनी पेटीकडे पाहिलं. पेटीवर कुणी नव्हतं. बराच वेळ कप तसाच राहिला, त्यावर साय धरायला दूधही नव्हतं. शेवटी अप्पाच म्हणाले, "घ्या, सटवाजी. निवायलाय." आणि खांद्यावरचं फडकं काढून एकदा हलवलं.

काकांनी घोट घेतला. डोळा मिटला नाही. मान तिरपी केली नाही.

"च्या चांगला हाय, अप्पा."

अप्पांनी काही विचारलं नाही.

त्यानंतर हॉटेल कितीतरी वर्षं चाललं. दूध परत आलं, साखर आली, पाऊसही आला. चहाला कुणी काही म्हटलं नाही. नवी गिऱ्हाइकं आली, त्यांना ती रीत ठाऊकच नव्हती. काकांची माणसं एकेक करून गेली, शब्दही त्यांच्याबरोबर गेले. बसूच्या मुलांना फुळकवणी म्हणजे काय ते माहीत नाही. मी सांगितलं तर हसतात, पण त्यांचं हसणं त्या शब्दाच्या आवाजाला असतं.

अप्पा जाताना मला दोन कामं सांगून गेले. एक आईच्या औषधाचं, ते मी चालवते. दुसरं, विहीर बुजवायची. त्यांनी स्वतः एवढ्या वर्षांत ते केलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला हुईना. तू कामाची हायस." आईला सांगितलं तर तिने पदर तोंडाला लावला. "पानी हाय तिच्यात. पान्यावर माती लोटत न्हाईत." तेव्हापासून ते काम माझ्याकडे आहे.

आज सोय होती. मुकादमाकडे मुरूम होता, जुन्या रस्त्याचा राडारोडा होता, गाडी उभी होती. दुपारी तो विचारायला आला.

"म्याडम, हितंच टाकू का? गाडी संध्याकाळपातूर हाय. नंतर पोखर्णीच्या बाजूला जाईल."

बसू पुढे झाला. विहिरीचं बघू म्हणाला, आईशी बोलू, तसं बुजवायलाच पाहिजे, पण बोअर आटला तर, तसं म्हटलं तर गुरांना, आणि तलाठ्यालाही एकदा. मुकादम मान हलवत राहिला. बाकड्यावर बसलेले काका जमिनीकडे बघत होते. एकदम म्हणाले,

"बसवराज, औटरला कामून उभा हायस?"

बसू थांबला. त्याला कळलं नाही. मला कळलं, आणि हातातली पत्र्यांची मोजणी चुकली. तीस वर्षांत काकांच्या तोंडून तसा शब्द निघाला नव्हता.

"चल ग बाई," ते मला म्हणाले, "मला तिथवर ने."

रमानं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. कठडा एका बाजूनं ढासळलाय. कडेला बाभूळ वाढलीय. मी आधी वाकून पाहिलं. यंदा पाणी वर आहे. तळ दिसत नाही. बाभळीची सावली पडलेली, मधोमध आभाळाचा एक तुकडा, इतका स्वच्छ की कुणालाही ओंजळ भरून घ्यावीशी वाटेल. एक बेडूक कडेच्या दगडावर बसला होता. आमची चाहूल लागली तसा आत गेला.

काका काठीवर दोन्ही हात ठेवून वाकले. कितीतरी वेळ पाहत होते. मग त्यांनी एक डोळा मिटला. मान तिरपी केली.

"बेडकाचं सरबत," ते म्हणाले.

हळू म्हणाले, पण विहिरीनं ते परत दिलं. कुणी हसलं नाही. कुणी रागवलंही नाही.

"बराबर बोलली हुती," काका म्हणाले. "गार्डसाहेबानी लाल झेंडा दाखविला हुता. आमी गाडी सोडली."

रमानं त्यांना धरून मागे नेलं. मुकादम आला, मागे गाडी उलटी लागली, तिच्या फाळक्याची कडी खडखडली. "टाकू ना, म्याडम?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. इतक्या कामांना मी रोज हो म्हणते, सही करते, पुढच्या कामाला लागते. मी खाली पाहिलं. बेडूक बुडाल्याच्या लाटा कडेपर्यंत येऊन थांबत होत्या. पाणी पुन्हा सपाट झालं, आभाळ पुन्हा आत येऊन बसलं. माझा उजवा हात कोपरापाशी डाव्या हातानं धरला गेला होता, कधी ते मला कळलं नाही.

"थांबा जरा," मी म्हणाले.

मुकादम थांबला. बराच थांबला. मग घड्याळ बघून गाडी घेऊन पोखर्णीच्या रस्त्याला लागला.

फळी उतरवली, रमानं मागितली, तिला दिली. रांजण उकरला, चिरलेला निघाला. पत्रे मोजून दिले. चहाची पेटी वाळवीनं खाल्ली होती, तिचा खालचा तुकडा तेवढा मी घेतला. शेड उद्या पडेल.

विहीर बुजवायची आहे.